वाचकांचे प्रश्न: विद्यापीठाचं आयटी सुधारायचं, पण हात कुठं घालायचा?

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की कॉलेज-विद्यापीठातल्या कॉम्प्युटर कारभाराबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप मिळून बरंच काही आलं. सातारा-सांगलीतली बहुतेक कॉलेजं १९६२ सालापासूनच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलंय, शिवाय स्वायत्त झालेली कॉलेजं वेगळी, त्यांची परीक्षा-निकाल सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्यामुळं पूर्वी जे काम कुठंतरी लांब व्हायचं ते आता आपल्याच शेजारच्या खोलीत होतंय आणि म्हणून प्रश्नही वाढलेत. सगळे इथं घेता येत नाहीत, पण एकाच गोष्टीभोवती फिरणारे होते ते निवडलेत.

प्रवेश एका सॉफ्टवेअरमध्ये, फी दुसऱ्यात, परीक्षा तिसऱ्यात, लायब्ररी चौथ्यात. एकाच पोराचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेनं लिहिलेलं. आता संस्था मोठं ईआरपी (सगळ्या विभागांचं मिळून एकच सॉफ्टवेअर) घेणार म्हणतीय आणि ते आलं की सगळं मार्गी लागेल असं सगळे सांगतायत. खरंच लागेल का?
— परीक्षा विभागातला कर्मचारी, सातारा

दादा, लागेल, पण ईआरपी यायच्या आधी तुम्ही ती नावं एक केलीत तरच. घाण डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला की तो नव्या स्क्रीनवर घाणच दिसतो, वरनं आता तो दुरुस्त करायचे अधिकार तुमच्याकडं नसतात, कंपनीकडं तक्रारीचं तिकीट टाकायचं आणि वाट बघत बसायचं.

नावाचा घोळ कसा होतो ते तुम्हाला माहितीय, तरी बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडं दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं, आधारवर नाव पहिलं आणि आडनाव शेवटी, कुठं वडील शिवाजी तर कुठं शिवाजीराव, मुलीचं बी.ए. आणि एम.ए.च्या मधे लग्न झालं की अजून एक नाव. आता मराठीतला मासला बघा. 'कऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. यातला ऱ्ह युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत) दोन तऱ्हेनं टाईप होतो, एकात खाली टिंब असलेला ऱ, हलंत आणि ह, दुसऱ्यात साधा र, हलंत, मधे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, प्रिंटवरही सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं, त्यामुळं सर्च मारला तर अर्धेच रेकॉर्ड येतात आणि ऑपरेटर म्हणतो एन्ट्रीच नाही, आणि तो बिचारा परत नवीन एन्ट्री करतो, झाली डबल. तिसरा कुणीतरी घाईत 'कर्हाडकर' असं रफार देऊन मारतो ते वेगळंच. ह्याच्याही आधीचे रेकॉर्ड श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत असतील तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसणार, ती कन्व्हर्टरमधनं युनिकोडला आणायची आणि आणल्यावर माणसानं डोळ्यानं तपासायची, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात.

हे मी एवढं लांबवतोय कारण आता याची झळ थेट विद्यार्थ्याला बसते. २०२१ पासून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलं, प्रत्येकाचा १२ अंकी आयडी, कमावलेले क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) तिथं जमा होतात आणि नियमाप्रमाणं ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. शिक्षण मधेच सोडून परत यायची किंवा कॉलेज बदलायची जी सोय नव्या शैक्षणिक धोरणात दिलीय ती सगळी ह्या खात्यावर उभी आहे. तिथलं नाव-जन्मतारीख आणि तुमच्याकडची जुळली नाही की क्रेडिट चढत नाहीत, आणि हे त्या पोराला कळतं ते दोन वर्षांनी, दुसरीकडं अॅडमिशनच्या खिडकीत उभं राहिल्यावर. जतच्या नाहीतर माणच्या एखाद्या वाडीवरनं दिवसाचा खाडा करून आलेल्या पोराला 'नाव जुळत नाही, उद्या या' म्हणणं मला तरी फार लागतं.

म्हणून आधी संस्थेत एक गोष्ट ठरवून घ्या, की विद्यार्थ्याची मूळ नोंद कुणाची. प्रवेश विभागाची असं ठरलं तर नाव बदलायचा हक्क फक्त तिथं, बाकी फी, परीक्षा, लायब्ररी, हॉस्टेल सगळ्यांनी तिथनं वाचायचं, आपल्या मनानं टाईप करायचं नाही. जोडणारा धागा नाव नको, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक) ठेवा, नाव बदलतं, पीआरएन बदलत नाही. लॉगिनसुद्धा त्यालाच बांधा म्हणजे पोरांना चार पासवर्ड नकोत, एका लॉगिनवर सगळं उघडलं पाहिजे. एवढं झालं की कुठलंही सॉफ्टवेअर आणा, बसेल.

आता खरेदी. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं समर्थ नावाचं ईआरपी आहे, दिल्ली विद्यापीठात तयार झालेलं, ते तुमच्या संस्थेला मिळतं का हे आधी विचारा. खाजगी घेणार असाल तर करारात एक अट घालाच, सगळा डेटा वाटेल तेव्हा सीएसव्हीमध्ये (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाईलीत), कुठल्या रकान्यात काय आहे त्याच्या माहितीसह, जादा पैसे न घेता परत मिळाला पाहिजे. ही अट नसली की पाच वर्षांनी कंपनी म्हणेल तो दर.

आणि सगळं एका झटक्यात बदलू देऊ नका, हे कळकळीनं सांगतो. २०१७ ला मुंबई विद्यापीठानं एकाच सत्रात लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने लांबले, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरनं दूर केलं. ऑनस्क्रीन तपासणी ही पद्धत वाईट नाही, पण तयारी आणि सराव न करता एवढा मोठा घास घेतला. तुम्ही एका छोट्या विभागापासनं सुरू करा, एक अख्खं सत्र जुनं आणि नवं दोन्ही चालवा, दोन्हीकडचे निकाल ताडून बघा, फरक शून्य आला की मग जुनं बंद. काम दुप्पट होतं, कर्मचारी वैतागतात, त्या सत्रापुरते दोन माणसं जादा मागून घ्या, पण ही पायरी गाळू नका.

जाता जाता एक, विद्यार्थ्यांचे आधार आणि मोबाईल नंबर असलेल्या एक्सेल शीट व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवायचं आजपासनं बंद. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड राहू दे बाजूला, त्या पोरींचे मोबाईल नंबर कुणाकुणाच्या फोनमध्ये जातात याचा विचार करा.

कॉलेजनं एवढी मोठी इंटरनेट लाईन घेतली तरी वर्गात वायफाय चालत नाही. वायफाय जोडलेलं दिसतं पण काही उघडत नाही. लाईन अजून वाढवावी का?
— प्राध्यापक, सांगली

सर, लाईन वाढवायचे पैसे तूर्त राहू द्या. लाईन गेटपर्यंत येते, तिथनं पोराच्या मोबाईलपर्यंतचा रस्ता तुमचा, आणि गोची नव्वद टक्के वेळा तिथंच असते.

पहिली गोष्ट पत्त्यांची. वायफायला जोडणाऱ्या प्रत्येक फोनला राऊटर किंवा सर्व्हर एक आयपी पत्ता देतो, आणि बऱ्याच ठिकाणी बसवताना २५६ चा एकच गट ठेवलेला असतो, त्यातले वापरायला मिळतात २५४. तुमच्याकडं पोरं किती? सकाळी पहिल्या तासाला आलेल्या पोरांनी ते पत्ते घेतले, पोरं घरी गेली तरी पत्ते त्यांच्याच नावावर अडकून, कारण लीजची, म्हणजे पत्ता राखून ठेवायची, मुदत मोठी ठेवलेली. विंडोज सर्व्हरवर तर ती मुळातच ८ दिवसांची असते, ऑफिसातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला ठीक आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या फोनला नाही. अकराला येणाऱ्याला पत्ताच शिल्लक नाही, म्हणून फोनवर 'कनेक्टेड' आणि खाली काहीच नाही. लीज एक-दोन तासांवर आणा, गट मोठा करा किंवा इमारतीवार वेगळे करा. याला एक रुपया लागत नाही, सिस्टीमवाल्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम.

दुसरी गोष्ट हवेची. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आपल्याकडं व्हरांड्यात ओळीनं अॅक्सेस पॉईंट (वायफायचे डबे) टांगलेले, सगळे फुल पॉवरवर, सगळे ऑटोवर, एकमेकांवर ओरडतायत. वर्गाची भिंत जुनी दगडी असेल तर व्हरांड्यातला सिग्नल आत पोचतो तोवर मेलेला. अॅक्सेस पॉईंट वर्गाच्या आत घ्या, पॉवर कमी करा, ५ गिगाहर्ट्झला पोरांना ढकला, आणि अगदी हळू वेग, १-२ एमबीपीएसवाले, सेटिंगमधनं बंद करून टाका, कारण एक फोन रांगत बोलत असला की तेवढा वेळ बाकी साठ जणांना गप्प बसावं लागतं.

आणि दोन इमारतींच्या मधली वायर बघून घ्या. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच, आणि ती उघड्यावरनं टाकलेली असली की एप्रिल-मेमध्ये वळीव आला, एक वीज जवळ पडली की दोन्हीकडच्या नेटवर्क स्विचचे पोर्ट जळालेले सापडतात, दरवर्षी तेच. इमारतीपासून इमारतीपर्यंत फायबर टाका, काचेतनं वीज जात नाही.

हे सगळं मार्गी लागलं की एज्युरोम मागा, देशात ती सोय अर्नेट इंडिया (शिक्षणसंस्थांचं नेटवर्क बघणारी सरकारी संस्था) बघतं. आपल्या कॉलेजच्या लॉगिनवर दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावरही वायफाय आपोआप चालतं, सेमिनारला येणाऱ्या पाहुण्यांना पासवर्डच्या चिठ्ठ्या वाटायला लागत नाहीत.

मी यंदा पास आऊट झाले. कॉलेजचा मेल आयडी बंद करणार म्हणतायत. माझा सगळा प्रोजेक्ट, फोटो, नोट्स त्याच ड्राईव्हवर आहेत. असं कसं बंद करू शकतात?
— विद्यार्थिनी, विटा

बाळ, राग बरोबर आहे पण त्यांचाही नाईलाज समजून घे. पूर्वी गूगल शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा द्यायचं, २०२२ पासनं अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, मायक्रोसॉफ्टनंही पुढं तोच आकडा धरला. हजारो पास झालेल्यांचे व्हिडिओ त्यात पडून राहिले तर नव्या पोरांना जागा उरत नाही. तू आज रात्रीच गूगल टेकआऊट (आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) उघड, सगळं निवड, डाऊनलोड कर, पेन ड्राईव्हवर एक प्रत ठेव. आणि बँक, नोकरी, परीक्षा फॉर्म जिथं जिथं हा आयडी दिला असशील तिथं स्वतःचा खाजगी आयडी टाक, नाहीतर ओटीपी बंद खात्यावर जात बसेल. मार्कलिस्ट आणि पदवी डिजिलॉकरमध्ये आलीय का तेही बघ, नसेल तर परीक्षा विभागात लेखी अर्ज दे.

कॉलेजवाल्यांना मात्र सांगणं, बंद करायच्या सहा महिने आधी तारीख कळवा, मराठीतनं कळवा, आणि निदान मेल पुढं पाठवायची सोय वर्षभर ठेवा.

आमचा सर्व्हर तळमजल्यावर आहे. तो वरच्या मजल्यावर न्यावा की सगळं क्लाउडवर (बाहेरच्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर) टाकावं? क्लाउडचा खर्च ऐकून व्यवस्थापन बिचकतंय.
— प्राचार्य, सांगली जिल्हा

सर, सांगलीत राहून तळमजल्यावर सर्व्हर हे आज रात्रीसुद्धा नको. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली. २०२१ ला परत. म्हणजे दोन वर्षांत दोनदा, त्यामुळं शंभर वर्षांतनं एकदा होतं असं आता कुणी म्हणू नये.

पण वर नेलं म्हणजे झालं असंही नाही, कारण इथं दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, डेटा वाचला पाहिजे. दोन, पुराच्या त्या आठवड्यातसुद्धा पोराला निकाल बघता आला पाहिजे, फॉर्म भरता आला पाहिजे. वरच्या मजल्यानं पहिलं साधतं, दुसरं नाही, कारण लाईट नाही, जनरेटरला डिझेल आणायला रस्ता नाही, इंटरनेटही बंद. म्हणून जे बाहेरच्या लोकांना लागतं, वेबसाईट, प्रवेश, निकाल, मेल, ते क्लाउडवर द्या, आणि जे कॅम्पसच्या आतच वापरायचं, लॅबचं, सीसीटीव्हीचं, मोठ्या फाईलींचं, ते इथंच वरच्या मजल्यावर. सगळं एकदम हलवायची गरज नाही आणि खर्चही कमी होतो. निकालाची पानं साधी स्थिर करून ठेवली आणि शाखेवार वेळ दिली तर निकालाच्या दिवशी साईट बसायचंही बंद होतं.

बॅकअपचा जुना नियम आहे ३-२-१, तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. मी म्हणेन त्यातली एक प्रत वायर काढून कपाटात, कारण रॅन्समवेअर (फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की जे जे जोडलेलं असतं ते सगळं लॉक होतं, बॅकअपसकट. आणि गावाबाहेर म्हणजे नदीच्या पलीकडची शाखा नव्हे, दोन्हीकडं एकच पूर येतो.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दर तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः, प्राचार्यांनी, सिस्टीमवाल्यांना बोलवा आणि म्हणा २०१८ च्या बी.एस्सी.चा अमुक एका विद्यार्थ्याचा रेकॉर्ड बॅकअपमधनं काढून दाखवा. तासाभरात निघाला तर बॅकअप आहे. 'बॅकअप रोज होतो सर' हे वाक्य ऐकून समाधान मानू नका.

व्हॉट्सअॅपवर परीक्षा फीचा क्यूआर आला, खाली कॉलेजचा लोगो होता. भरावे का पैसे?
— पालक, दहिवडी

नाही. कॉलेजच्या वेबसाईटवर स्वतः टाईप करून जा, पत्ता एसी डॉट इन वर संपतो का बघा, तो पत्ता फक्त शिक्षण-संशोधन संस्थांना अर्नेटकडनंच मिळतो, कुणीही उठून घेऊ शकत नाही. काही कॉलेजांचा पत्ता वेगळा असतो, तसं असेल तर ऑफिसला फोन करून खात्री करा. लोगो कुणीही चिकटवतो. आणि पैसे परत येणार आहेत म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, पैसे यायला पिन लागत नाही.

नवी जर्नल्स मिळतात असं ऐकलं, पण विद्यार्थी घरनं उघडू शकत नाहीत. काय करावं?
— ग्रंथपाल, कराड

मॅडम, तुम्ही ऐकलं ती केंद्राची योजना, वन नेशन वन सबस्क्रिप्शन, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स, तीन वर्षांना ६ हजार कोटी. ही योजना सरकारी संस्थांसाठी आहे, तेव्हा तुमचं कॉलेज त्यात बसतं का हे आधी इन्फ्लिबनेटकडनं (विद्यापीठांच्या लायब्ऱ्या जोडणारं यूजीसीचं केंद्र) खात्री करून घ्या. घरनं उघडायचं तर इन्फ्लिबनेटचंच इन्फेड आहे, पोरगं कॉलेजच्या लॉगिननं आत जातं. पण त्यासाठी कॉलेजकडं प्रत्येकाचं एक खरं, चालू लॉगिन लागतं, म्हणजे साताऱ्याच्या दादांना वर जे सांगितलं तेच काम आधी. लायब्ररीचं सॉफ्टवेअर बदलणार असाल तर कोहा बघा, फुकट आणि ओपन सोर्स आहे, फक्त सांभाळणारं माणूस हवं.

लॅबमध्ये ४० पीसी विंडोज १० वर आहेत. मशीन चांगल्या चालतायत, टाकून द्याव्या का?
— लॅब असिस्टंट, इस्लामपूर

टाकू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे तशाच नेटवर ठेवणं धोक्याचं. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ बसतं. नसेल तर शिक्षणसंस्थांना वाढीव सुरक्षा अपडेट स्वस्तात मिळतात, पहिल्या वर्षी पीसीमागे एक डॉलर, मग दोन, मग चार, तेवढ्यात बदलायची तयारी करा. प्रोग्रॅमिंगच्या लॅबला लिनक्स टाका, पोरांचं भलंच होईल. चार-पाच मशीन फक्त जुन्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी लागत असतील तर त्यांची नेटची वायर काढून ठेवा.

मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. सर्व्हर, वायफाय, वेबसाईट, सीसीटीव्ही, साहेबांचा प्रिंटर, सगळं एकट्याकडं. रात्री दोनला फोन येतो. काही झालं की मीच जबाबदार. काय करू?
— सिस्टीम बघणारा, सातारा जिल्हा

मित्रा, तुझ्या पत्रानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. वर जे जे लिहिलंय, नावं एक करा, पत्ते मोकळे करा, बॅकअप तपासा, ते शेवटी तुझ्यासारखाच कुणीतरी करणार आहे, आणि संस्था लाखांनी मशीन घेते पण त्या सांभाळणाऱ्या माणसाचा करार दरवर्षी लटकत ठेवते. तू उद्या गेलास तर सर्व्हरचा पासवर्ड कुणाला माहितीय? हा प्रश्न तुझ्या नोकरीचा आहेच, पण तो त्यांचाही आहे, आणि मांडताना त्यांचा म्हणून मांड.

आधी कामं वहीत नाहीतर साध्या शीटमध्ये लिहायला लाग, तारीख, कुणी सांगितलं, काय होतं, किती वेळ गेला. तोंडी आणि फोनवरची कामं हळूहळू बंद, एकच मेल आयडी ठेव आणि सगळ्यांना तिथंच लिहायला सांग. दोन महिन्यांत तुझ्याकडं दाखवायला कागद होतो.

पासवर्ड एका बंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत दे, पोच घे. नेटवर्कचा नकाशा, कुठली वायर कुठं जाते, कुठलं लायसन्स कधी संपतं, हे लिहून काढ, त्यानं तुझं महत्त्व कमी होत नाही, उलट किती काम आहे ते पहिल्यांदाच दिसतं. अॅडमिन लॉगिन दोघांकडं पाहिजेत, दुसरा माणूस कायम नोकरीतला असू दे. परीक्षा आणि अकाउंट्सवाल्यांना टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय ओटीपीसारखी दुसरी खात्री) लावच, कितीही कुरकुर करू देत.

मग अर्ज लिही. त्यात हे घाल की सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग (सिस्टीममध्ये कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात, आणि हे एका माणसाच्या भरवशावर होत नाही, तो आजारी पडला, गावी यात्रेला गेला तर ६ तास कोण मोजणार. मागणी मोजकी ठेव, एक मदतनीस, रात्रीच्या कामाची ठरलेली पद्धत आणि तुझ्या पदाला प्रस्ताव. अर्जाची एक प्रत आयक्यूएसीकडं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडं) दे, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात आयटी सुविधांची माहिती त्यांनाच भरायला लागते, त्यामुळं तिथं तो कागद नुसता फाईलला लागत नाही. आवक क्रमांक घ्यायला विसरू नकोस.